ग्रीक-रोमन रंगभूमी, तिचे देव आणि तिची यंत्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकांकिकेसाठी ग्रीक नाटक निवडलेली कॉलेजची मुलं, नाट्यशास्त्राच्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी आणि अथेन्स बघून आलेली मंडळी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. एकच खुलासा दोनदा करण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सुरुवातीलाच एक सूचना: संज्ञा पाठ करत बसू नका. देव वरून आला, जमिनीवरून चालत आला की कुठे दिसलाच नाही, एवढं नाटक वाचताना डोळ्यांसमोर ठेवा. निम्म्या संज्ञा आपोआप जागेवर बसतील.

१. ग्रीक थिएटरमध्ये नेमकं काय काय असतं? आमच्या डोळ्यांसमोर विंगा आणि पडदाच येतो.

ते दोन्ही क्षणभर बाजूला ठेवा. टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची बैठक, ती थिएट्रॉन. तिच्या पायथ्याशी सपाट मोकळी जागा, ती ऑर्केस्ट्रा. इथे कोरस नावाचा समूह गातो, नाचतो. पलीकडे एक इमारत, सुरुवातीला लाकडी, पुढे दगडी, ती स्कीनी. नट तिच्या आत कपडे आणि मुखवटे बदलतात, आणि तिचा दर्शनी भाग नाटकाप्रमाणे राजवाडा, देऊळ किंवा तंबू ठरतो. मधोमध मोठं दार. वर सपाट छप्पर, आणि तीही अभिनयाची जागा: एस्किलसच्या ‘ॲगामेम्नॉन’मध्ये नाटकातली पहिली वाक्यं बोलणारा पहारेकरी राजवाड्याच्या छपरावर पडून असतो.

बैठक आणि स्कीनी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना उघड्या वाटा राहतात, त्या पॅरोडोस. कोरस तिथून येतो आणि परगावाहून येणारी पात्रंही. वाट लांब, त्यामुळे येणारा माणूस बोलायच्या कितीतरी आधी दिसायला लागतो. ‘तो बघा, कोणीतरी घाईघाईने इकडेच येतोय’ अशा ओळी कोरसच्या तोंडी सारख्या सापडतात त्या यामुळे. वाचताना त्या भरतीच्या वाटतात. प्रयोगात तो नटाच्या चालण्याचा हिशेब असतो.

आणि हे सगळं उघड्यावर, भर दिवसा. प्रकाशयोजना सूर्याची.

२. ऑर्केस्ट्रा म्हणजे वादक ना? मग तो मधोमध कसा?

तिथे ऑर्केस्ट्रा ही जागा आहे, वादकांचा ताफा नव्हे. वादक बहुतेक वेळा एकच असे, आउलोस नावाचं दोन नळ्यांचं सुषिर वाद्य वाजवणारा, आणि तो कोरसबरोबर वावरायचा. एपिडॉरसच्या थिएटरमधली गोल ऑर्केस्ट्रा आजही शाबूत आहे. तिचा व्यास सुमारे २० मीटर आहे. एवढ्या जागेत कोरस नाचायचा, हे लक्षात घेतलं की ग्रीक नाटक ‘दोन माणसं उभी राहून बोलतात’ असं नव्हतं हे पटतं. रोमन थिएटरात हीच जागा अर्धवर्तुळ झाली आणि तिथे सिनेटर मंडळींच्या खुर्च्या आल्या. का, ते प्रश्न १३ मध्ये.

३. नाटकाचा देव कोण? डायोनिसस की अपोलो?

डायोनिसस. वाइनचा, बेभान होण्याचा, एकाचं दुसरं होऊन जाण्याचा देव. अथेन्सचं थिएटर अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर त्याच्याच आवारात आहे. वसंतात, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, त्याचा मोठा उत्सव भरायचा, त्याला नगर-डायोनिसिया म्हणतात. हिवाळ्यात लेनाया नावाचा दुसरा. नगर-डायोनिसियात तीन शोकांतिकाकार स्पर्धेला उतरायचे. प्रत्येकाची तीन शोकनाट्यं आणि त्यांच्या पाठोपाठ एक सॅटर नाटक, म्हणजे डायोनिससच्या अर्धपशू सवंगड्यांचा कोरस असलेलं खट्याळ नाटक. पूर्ण टिकलेलं सॅटर नाटक एकच, युरिपिडीसचं ‘सायक्लोप्स’.

उत्सवात देवाची मूर्ती थिएटरात आणली जाई आणि पहिल्या रांगेत मधोमध त्याच्या पुजाऱ्याचं आसन असे. आज तिथे दिसणारं कोरीव संगमरवरी आसन नंतरच्या काळातलं आहे, पण जागा तीच.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. नाटकं डायोनिससच्या उत्सवात होत असली तरी कथा त्याच्याच असत असं नाही. टिकलेल्या शोकांतिकांपैकी फक्त ‘बॅकाय’मध्ये तो पात्र म्हणून येतो.

४. हसरा-रडका असे दोन मुखवटे सगळीकडे दिसतात. ते कुठल्या देवांचे?

देवांचे नव्हेत, दोन म्यूझांच्या हातातले. झ्यूस आणि स्मृतीची देवता निमॉसिनी यांच्या नऊ मुली म्हणजे म्यूझ. त्यांपैकी मेल्पॉमिनीकडे शोकांतिका, थलायाकडे सुखांतिका. मूर्तींमध्ये त्या ओळखायच्या त्या याच मुखवट्यांवरून.

५. ग्रीक आणि रोमन देव एकच का? नाटकात कुठलं नाव वापरायचं?

नाटक ग्रीक असेल तर ग्रीक नाव, लॅटिन असेल तर रोमन. झ्यूसचा ज्युपिटर, हेराची जूनो, अथीनाची मिनर्व्हा, ॲफ्रोडायटीची व्हीनस, आर्टेमिसची डायाना, हर्मीसचा मर्क्युरी, पोसायडनचा नेपच्यून, हिफेस्टसचा व्हल्कन, हिरॅक्लीसचा हर्क्युलीस, डायोनिससचा बॅकस. अपोलो दोन्हीकडे अपोलोच. जोड्या जुळतात म्हणून देव तंतोतंत एक होते असं समजू नका. रोमनांचे स्वतःचेही देव होते. रोमन नाटककार प्लॉटसच्या एका नाटकाची प्रस्तावना चक्क घराचा कुलरक्षक देव लार करतो. ऑलिंपसवर त्याला जागा नाही, पण चुलीपाशी पुरलेलं सोनं कुणी आणि कधी लपवलं हे त्यालाच माहीत असतं.

६. कोरसमध्ये किती जण? आणि तीनच नट सगळ्या भूमिका कशा करत?

शोकांतिकेत आधी १२, सॉफोक्लीसपासून १५; सुखांतिकेत २४. नटांबद्दल ॲरिस्टॉटल सांगतो की दुसरा नट एस्किलसने आणला आणि तिसरा सॉफोक्लीसने. सगळे पुरुष. मुखवटा आणि वरचा झगा बदलला की नट बदलला.

याचा परिणाम नुसत्या सोयीपुरता नाही. ‘बॅकाय’मध्ये आगावे ही आई उन्मादात स्वतःच्या मुलाला, पेंथियस राजाला, फाडते आणि त्याचं मुंडकं हातात घेऊन येते. तीन नटांत वाटणी केली की पेंथियस आणि आगावे एकाच नटाकडे जातात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे थोड्या वेळापूर्वी जो मुखवटा त्या नटाच्या चेहऱ्यावर होता, तोच आता त्याच्या हातात. मुखवट्यांच्या देवाचा उत्सव, आणि समोर हे. मला या रंगभूमीतली सगळ्यात भेदक जागा हीच वाटते.

७. मुखवट्यात भोंगा बसवलेला असायचा, नट उंच टाचांवर चालायचे, हे खरं का?

भोंग्याचं गृहीतक आता मागे पडलं आहे. बैठकीचा उतार, दगड आणि समोरची भिंत आवाज पुरेसा पोचवतात. मुखवटे ताठ केलेल्या कापडाचे किंवा हलक्या लाकडाचे असावेत. ते कुजून गेले, आपल्याकडे आहेत त्या त्यांच्या मातीच्या आणि संगमरवरी प्रतिकृती. उंच तळाचे बूट नंतरच्या काळातले. सॉफोक्लीसचे नट मऊ, सपाट बूट घालत, आणि त्यात नाचता येत असे. पाठ्यपुस्तकांतली टांगांवर उभी राहिल्यासारखी चित्रं रोमन काळातली आहेत.

८. देवाला खाली उतरवणारी क्रेन खरंच होती का? ती चालायची कशी?

होती. नाव मेखानी. तिचा एकही अवशेष सापडलेला नाही, पण उल्लेख भरपूर आहेत. स्कीनीच्या मागे उभा खांब, त्यावर आडवा दांडा, दोर, कप्प्या. नट छपरामागून वर उचलला जाई आणि प्रेक्षकांच्या नजरेत येई.

ती चालवणारा बॅकस्टेजचा माणूस आपल्याला एका सुखांतिकेतून भेटतो. ॲरिस्टोफेनीसच्या ‘शांतता’ या इ.स.पू. ४२१ च्या नाटकात त्रिगायोस नावाचा शेतकरी शेणकिड्यावर बसून झ्यूसला जाब विचारायला आकाशात निघतो. उडता उडता तो भूमिका सोडतो आणि थेट यंत्र चालवणाऱ्याला विनवतो, की बाबा, नीट लक्ष दे, भीतीने माझं पोट बिघडायला लागलंय. हे वाक्य विनोदाचं आहे, पण ते लिहायला नाटककाराला दोराला लटकलेल्या नटाची भीती माहीत असावी लागते. पंधरा-सोळाशे नव्हे, हजारो लोकांसमोर, बाहेर वारा, आणि खाली टणक जमीन. रंगभूमीच्या इतिहासात बॅकस्टेजवाल्याला रंगमंचावरून मारलेल्या हाकांपैकी ही सगळ्यात जुन्या हाकांतली एक.

९. ‘यंत्रातून आलेला देव’ म्हणजे नाटककाराला शेवट सुचला नाही, असंच ना?

हा आक्षेप जुना आहे. गोष्टीची उकल गोष्टीतूनच व्हावी, यंत्रातून नको, असं ॲरिस्टॉटल म्हणतो आणि उदाहरण ‘मेडिआ’चं देतो. रोमन कवी होरेसचा सल्लाही तसाच: देवाने सोडवावी अशीच गाठ असेल तर देव आणा, एरवी नको.

मला विचाराल तर ‘मेडिआ’च्या बाबतीत ॲरिस्टॉटलशी सहमत होता येत नाही. इ.स.पू. ४३१ च्या या नाटकात शेवटी देव येतच नाही. येते मेडिआ, आजोबा सूर्यदेव हीलिऑसने दिलेल्या रथात, स्वतः मारलेल्या मुलांची प्रेतं जवळ घेऊन. खाली जमिनीवर तिचा नवरा जेसन दाराशी झगडतोय. त्याला मुलांना शेवटचा हातसुद्धा लावता येत नाही. प्रेक्षकाला सवय असते ती त्या उंचीवर देव दिसण्याची. तिथे एक माणूस, एक खुनी आई उभी आहे, आणि ती देवासारखीच पुढे काय होणार ते सांगते. युरिपिडीसने यंत्र सुटका म्हणून वापरलेलं नाही, त्याने देवाची जागा एका बाईला दिली. त्या वर्षी स्पर्धेत तो तिसरा आला, म्हणजे तिघांत शेवटचा.

‘ओरेस्टीस’चा (इ.स.पू. ४०८) शेवट याहून गुंतागुंतीचा. खाली मेनेलाओस दार ठोठावतोय. छपरावर ओरेस्टीस मेनेलाओसच्या मुलीच्या, हर्मायनीच्या, मानेवर तलवार धरून, बाजूला घर पेटवायला मशाली. त्याच्याही वर हेलनला घेऊन अपोलो. तीन मजले एकाच वेळी भरलेले. आणि अपोलो ओरेस्टीसला आज्ञा करतो, की जिच्या मानेवर तलवार आहे तिच्याशीच लग्न कर. अशा शेवटाला ‘सुचलं नाही’ म्हणणं मला जमत नाही. इतकी विपरीत तडजोड देवच लादू शकतो, हे दाखवायला ती उंची लागते.

१०. म्हणजे देव नेहमी क्रेनवरूनच यायचे?

नाही, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. छपरावर देवांसाठी एक जागा असे, तिला थिऑलोगिऑन म्हणत. तिथे देव नुसता उभा राहू शके. शिवाय देव जमिनीवरही येत. ‘युमेनिडीस’मध्ये अपोलो आणि अथीना न्यायसभेत माणसांबरोबर उभे राहून वाद घालतात.

‘बॅकाय’ या दृष्टीने वाचून बघा. सुरुवातीला डायोनिसस माणसाचं रूप घेऊन पायी येतो, राजाच्या तावडीत सापडतो, बांधला जातो. शेवटी तोच वर दिसतो, देव म्हणून. नाटकभर तो उंची चढत गेलेला असतो आणि राजा उतरत.

‘हिपोलिटस’मध्ये तर दोन देवींच्या मूर्ती शेवटपर्यंत दाराशी उभ्या. ॲफ्रोडायटी प्रस्तावनेत येऊन सूड जाहीर करते, आर्टेमिस शेवटी येते. हिपोलिटस एका मूर्तीला हार घालतो आणि दुसरीकडे पाठ फिरवतो. सगळं संकट त्या एका कृतीत आहे. आर्टेमिसचं जाणंही बघण्यासारखं: भक्त मरायला टेकलेला असताना ती निघते, कारण मृत्यूच्या श्वासाने डोळे विटाळणं देवांना चालत नाही.

११. एक्किक्लेमा म्हणजे फिरता रंगमंच का?

नव्हे. ते स्कीनीच्या मोठ्या दारातून बाहेर ढकललं जाणारं चाकांचं व्यासपीठ. घरात जे घडून गेलं ते त्यावर मांडून बाहेर आणायचं, बहुधा प्रेत आणि शेजारी मारणारा. ते कोणत्या वर्षी वापरात आलं यावर वाद आहे, पण इ.स.पू. ४२५ पर्यंत ते सगळ्यांच्या ओळखीचं झालं होतं. कारण त्या वर्षीच्या ‘अखार्नियन्स’मध्ये ॲरिस्टोफेनीस त्याची थट्टा करतो. एक जण युरिपिडीसच्या दाराशी जाऊन म्हणतो, बाहेर ये. तो म्हणतो, वेळ नाही. मग स्वतःला गाड्यावरून बाहेर ढकलवून घे! आणि नाटककार खरोखरच ढकलला जाऊन बाहेर येतो, फाटक्या पोशाखांच्या ढिगासकट.

१२. भुतं खालून यायची का? आणि मेघगर्जना कशी करत?

काही थिएटरांत स्कीनीकडून ऑर्केस्ट्राच्या मध्यापर्यंत जमिनीखालून वाट आहे. एरेट्रियाला ती आजही बघता येते. अशा वाटेला ‘खारॉनच्या पायऱ्या’ म्हणत. खारॉन म्हणजे मेलेल्यांना पैलतीरी नेणारा नावाडी. पण प्रत्येक थिएटरात ती नव्हती. इ.स.पू. ४७२ च्या ‘पर्शियन्स’मध्ये दारियस राजाचं भूत थडग्यातून वर येतं, तेव्हा अथेन्समध्ये ते नेमकं कसं दाखवलं यावर अजून चर्चा चालते.

गडगडाटासाठी खडे आणि काशाची भांडी. दृश्य बदलायला तीन बाजूंचे, स्वतःभोवती फिरणारे त्रिकोणी खांब, त्यांना पेरिआक्टोय म्हणत. प्रत्येक बाजूवर वेगळं चित्र. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस सांगतो की दृश्य बदलताना, किंवा अचानक गडगडाटासह देव अवतरताना, हे खांब फिरवत. म्हणजे देवाची एन्ट्री आवाज आणि नेपथ्य दोन्ही एकदम बदलून व्हायची.

१३. रोमनांनी काय बदललं?

पुष्कळ. पहिलं म्हणजे थिएटर टेकडीवरून उठलं. कमानींवर उभं केलेलं, सपाट जमिनीवरही बांधता येणारं झालं. रंगमंच आणि बैठक एकाच बंद इमारतीत आली. मागे मजल्यांवर मजले, खांब आणि मूर्तींनी भरलेली भव्य भिंत, तिला तीन दारं. फ्रान्समधल्या ओरांजला आणि तुर्कस्तानातल्या अस्पेंडोसला ही भिंत अजून उभी आहे. रंगमंचाची उंची पाच फुटांपेक्षा जास्त नको असं व्हिट्रुव्हियस सांगतो, कारण ऑर्केस्ट्रात बसलेल्या सिनेटरांना नट दिसले पाहिजेत.

पडदा रोमनांचा, ग्रीकांना तो नव्हता. तो आपल्या उलट चालायचा: नाटक सुरू होताना खाली खाचेत पडायचा, संपताना वर चढायचा. कवी ओव्हिडने जमिनीतून उगवणाऱ्या योद्ध्यांचं वर्णन याच पडद्यावरून केलं आहे. आधी त्यावरच्या चित्रांचे चेहरे वर येतात, शेवटी पाय.

सुरुवात इ.स.पू. २४० ची. ज्युपिटरच्या सन्मानार्थ होणाऱ्या उत्सवात लिव्हियस ॲन्ड्रोनिकसने ग्रीक वळणाचं नाटक लॅटिनमध्ये केलं. पुढे अपोलोच्या, सिबिली या महामातेच्या, फ्लोराच्या उत्सवातही नाटकं आली, पण रंगमंच तात्पुरता, लाकडी. दगडी थिएटर रोममध्ये नैतिकतेला धोका मानलं जाई, इ.स.पू. दुसऱ्या शतकात एक बांधायला घेतलेलं पाडून टाकलं होतं. इ.स.पू. ५५ मध्ये पॉम्पीने पहिलं कायमचं दगडी थिएटर उभारलं, आणि बैठकीच्या माथ्यावर व्हीनसचं देऊळ बांधलं. हे थिएटर नसून पायऱ्या असलेलं देऊळ आहे असं म्हणायची सोय झाली, अशी त्याची कथा नंतरच्या लेखकाने सांगितली आहे.

१४. कोलोसियम हे थिएटरच ना? आणि व्होमिटोरियम म्हणजे उलटी करायची खोली?

दोन्ही नाही. कोलोसियम ॲम्फिथिएटर आहे, चारही बाजूंनी बैठक, झुंजींसाठी. व्होमिटोरियम म्हणजे बैठकीतून लोंढा बाहेर सोडणारी वाट.

१५. देवाच्याच उत्सवात देवाची टिंगल चालायची?

चालायची, आणि देवाच्या पुजाऱ्यासमोर. ‘बेडूक’ या इ.स.पू. ४०५ च्या नाटकात डायोनिसस स्वतः पाताळात निघतो, मेलेल्या नाटककाराला परत आणायला. शूर दिसावं म्हणून त्याने हिरॅक्लीसचं सिंहाचं कातडं पांघरलंय. राक्षसी दिसली तसा तो घाबरतो आणि पहिल्या रांगेतल्या आपल्याच पुजाऱ्याला हाक मारतो, की मला वाचव. पुढे खरा देव कोण हे ठरवायला त्याला आणि त्याच्या नोकराला आळीपाळीने फटके मारतात. देवाला दुखणार नाही असा हिशेब. दोघेही ओरडतात.

‘पक्षी’मध्ये प्रॉमिथियस छत्री घेऊन येतो, वरून झ्यूसला दिसू नये म्हणून. एक छत्री आणि सगळं आकाश देवांनी भरून जातं. इतक्या स्वस्तात इतकं काम करणारी प्रॉपर्टी विरळाच.

१६. आपल्या नांदीसारखं तिथे काही होतं का?

नाटकाच्या आत नव्हतं, उत्सवात होतं: मिरवणूक, बळी, वाइनचं अर्घ्य. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या प्रयोगांपासून आपल्याकडे गणपती आणि सरस्वती रंगमंचावर येऊन आशीर्वाद देत आणि मग आख्यान सुरू होई. युरिपिडीसचा देव प्रस्तावनेत येतो तो आशीर्वाद द्यायला नाही, तो गोष्टीतला पक्षकार असतो. ‘ट्रोजन विमेन’च्या सुरुवातीला पोसायडन आणि अथीना जिंकलेल्या ग्रीकांची जहाजं बुडवायचं ठरवतात आणि निघून जातात. पुढचं सगळं नाटक प्रेक्षक ते गुपित मनात ठेवून बघतो.

१७. झ्यूस रंगमंचावर का दिसत नाही?

टिकलेल्या ग्रीक शोकांतिकांत तो बोलताना दिसत नाही. सगळे त्याच्या नावाने बोलतात, तो मात्र नाही. हरवलेल्या एका नाटकात एस्किलसने त्याला थिऑलोगिऑनवर दोन वीरांचे प्राण तराजूत तोलताना दाखवलं होतं, असं उशिराच्या एका कोशात नोंदलं आहे. तेव्हा ‘कधीच नाही’ असं परीक्षेत लिहू नका.

रोमन सुखांतिकेत ज्युपिटर थाटात येतो. प्लॉटसच्या ‘अम्फित्रुओ’मध्ये तो सेनापतीचं रूप घेऊन त्याच्या बायकोकडे राहतो, आणि मर्क्युरी त्याच्या गुलामाचं रूप घेतो. आता एकसारखे दोन सेनापती आणि दोन गुलाम प्रेक्षकाने ओळखायचे कसे? मर्क्युरी प्रस्तावनेतच सांगतो: माझ्या टोपीवर छोटे पंख असतील, बाबांच्या टोपीखाली सोनेरी गोंडा. घरातल्यांना ते दिसणार नाहीत, तुम्हाला दिसतील. वेशभूषेची सूचना संवादातच देऊन टाकली. देव आणि गुलाम एकाच नाटकात आले म्हणून त्याने या प्रकाराला नावही नवं दिलं, शोक-सुखांतिका.

१८. रक्तपात रंगमंचावर दाखवत नसत, मग एजॅक्सचं काय?

‘दाखवत नसत’ हा कायदा नव्हता, रीत होती. मारणं आत होई, मग दूत सांगे किंवा एक्किक्लेमा दाखवे (प्रश्न ११). मरणं बाहेर चाले; हिपोलिटस सगळ्यांसमोर जीव सोडतो. सॉफोक्लीसच्या नाटकातला योद्धा एजॅक्स जमिनीत रोवलेल्या तलवारीवर झोकून देतो, आणि ते प्रेक्षकांसमोर की झाडीआड, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मेडिआने मुलांना लोकांसमोर मारू नये असं होरेस बजावतो. रोमन नाटककार सेनेकाच्या लॅटिन ‘मेडिआ’मध्ये ती नेमकं तेच करते, दुसऱ्या मुलाला छपरावर, खाली बाप बघत असताना. मात्र सेनेकाची नाटकं प्रयोगासाठी होती की वाचनासाठी, हा वाद मिटलेला नाही.

१९. नटांशिवाय चालणारं नाटक होतं म्हणतात, ते खरं?

खरं. अलेक्झांड्रियाच्या हीरॉनने इ.स. पहिल्या शतकात स्वयंचलित रंगमंचाची कृती लिहून ठेवली आहे. एका छोट्या देव्हाऱ्यात डायोनिसस उभा. त्याच्या हातातल्या काठीतून दूध आणि पेल्यातून वाइन गळते, भोवती त्याच्या भक्तिणी गोल फिरतात, आणि सगळा देव्हारा आपण होऊन पुढे सरकतो. आत एक जड वजन बारीक धान्यावर टेकलेलं असतं. धान्य भोकातून गळत जातं, वजन सावकाश खाली येतं, त्याला बांधलेला दोर आस फिरवतो. वेग धान्याच्या धारेवर ठरतो. दुसऱ्या एका यंत्रात जहाजं फुटतात, अथीना वर दिसते आणि वीज पडते. प्रश्न ८ मधली क्रेन इथे बोटभर झाली आहे, पण देव यायचा मार्ग तोच.

२०. आमच्या हॉलला उंची नाही, क्रेनचा प्रश्नच नाही. देव कसा आणू?

माणसाला दोराला टांगू नका, हे पहिलं. स्पर्धेच्या धावपळीत, चार मिनिटांत सेट लावून ते सुरक्षित होत नाही.

मूळ संहिता बघा. देव दिसण्याआधी बऱ्याचदा कोरस म्हणतो, ते काय आहे बघा, आकाशातून काहीतरी येतंय. म्हणजे आधी खालच्यांच्या माना वर जातात, मग प्रेक्षकांच्या. तालमीत सगळ्यांची नजर एकाच बिंदूवर बसवा. दोन-तीन जण वेगळीकडे बघत असतील तर पाच फुटांची लेव्हलही उपयोगाची नाही. देव आला की खालच्यांनी हालचाल थांबवायची आणि त्याने त्यांच्यात उतरायचं नाही.

आवाज चढवू नका. युरिपिडीसचे शेवटचे देव पुढे काय होईल ते बहुधा शांतपणे सांगतात, कोण कुठे जाईल, कुठे देऊळ बांधलं जाईल, कुणाचं लग्न कुणाशी. धुराचं मशीन लावलंत तर त्यातलं एक वाक्य ऐकू येणार नाही.

छत अगदीच खाली असेल तर उलट करा. माणसांना रंगमंचावरून उतरवून प्रेक्षकांसमोरच्या मोकळ्या जागेत आणा, देवाला रंगमंचावर एकटा ठेवा. तीन-साडेतीन फुटांचा फरक पुरतो, आणि मूळ कोरसही तिथेच, खाली, उभा असायचा.